बाकी

हीउमा बेटावर नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवस संपतो.
मच्छीमार संघाच्या कचेरीत सालमे आत्या
हेरिंगच्या पिंपांचा हिशोब मिटवायची,
चुलीत एक ओंडका सारायची
आणि वहीच्या मागच्या बाजूनं मांडायची सतरा एक :

१११११११११११११११११

किनाऱ्यावर जाळी वाळवायचे खांब असेच उभे असत,
सगळे एका उंचीचे.

पंधरा एक घेणं सोपं होतं, ती म्हणे,
तीन-तीनच्या पाच मोळ्या,
एकशे अकरानं सरळ भाग जातो.
सोळा तर अकराच खाऊन टाकतो.
सतराच्या मोळ्या बांधता येत नाहीत.
तेराच्याही नाहीत,
पण ते पहिल्याच रात्री त्रेपन्नपाशी फुटले
आणि तिला उगाच वाईट वाटलं होतं.

टेबलावर फेलिक्स, दांडा फिरवला की खडखडणारं
लोखंडी यंत्र. उत्तराला तेरा खिडक्या.
सतरा आकडे तेरा खिडक्यांतून दिसत नाहीत,
म्हणून तुकडे करायचे :
पहिल्याची बाकी कागदावर उतरवायची,
पुढच्याच्या डोक्यावर ठेवायची,
पुन्हा दांडा.
फोडणारी मूळ संख्या असलीच
तर चौतीसच्या पाढ्याच्या एक पाऊल पुढे असणार.
हे तिला कुणी शिकवलं, वहीत नाही.

एकशे तीन. एकशे सदतीस. दोनशे एकोणचाळीस.
रात्रीला दहा, फार तर बारा.
बाबांना पत्र यायचं तालिनला :
या वर्षी हेरिंग कमी. गुडघा धरलाय.
पाच लाखांच्या पुढे गेले.
बाकी ठीक.

सोळाव्या हिवाळ्यात ती पोचली
साठ हजार नऊशे तेहतिसाव्या पायरीवर.

२०७१७२३.

पहिल्या तुकड्याची बाकी १३०९७९२.
तिनं लिहिलं १३०९७२९.

शेजारी, त्याच पेन्सिलीनं, वाकडं :
"आर्वेद आला. मिठाच्या कोठाराची किल्ली."
एवढंच.
उठली असेल, खिळ्यावरची किल्ली काढून दिली असेल,
दारातून वारा आत आला असेल,
परत बसून उरलेला दांडा फिरवला.
शेवटी बाकी १०९६४३.
खाली रेघ. पुढची संख्या.

नाहीतर शून्य आलं असतं.
तेराही खिडक्यांत शून्य,
आणि तिनं काय केलं असतं, मला सांगता येत नाही.
यंत्रावर कापड टाकलं असतं बहुतेक.

त्यानंतर अजून अकरा हिवाळे आहेत वह्यांत.
सगळे भागाकार बरोबर.
मी तपासले, म्हणजे फोननं तपासले,
चहा निवायच्या आत.
दूरच्या ग्रंथालयांत, छापील कोष्टकांत,
सतरा एकांचे दोन्ही तुकडे ती जन्मायच्या आधीच पडून होते.
आणि एकोणीस एक खरोखरच फुटत नाहीत, हेही.
दोनच खांब पुढे.
बेटावर येणाऱ्या बोटीतून मीठ यायचं, दोर यायचा, रॉकेल यायचं.

शेवटच्या पानावर शेवटची संख्या आहे,
तिच्यासमोर बाकीची जागा कोरी.

मी पेन्सिल २९ पर्यंत नेली होती.
उलटे झालेले दोन आकडे, सुलटे करायला किती वेळ?
नेली, आणि कानामागे ठेवली परत.

कचेरीला आता कुलूप असतं.
खांब मोजले : अकरा उरलेत.
अकरा एक. हे फुटतात, एवढं वाचलेलं आठवतं,
कशानं ते आठवत नाही.
फोन खिशात होता. राहू दिला.
पाठीमागे कोरी असलेली बोटीची पावती सापडली.
बावीसच्या पाढ्यात एक मिळवत जायचं.

तेवीस. बाकी दहा.
सदुसष्ट. बाकी अठरा.

चार वाजत आले होते.